सदस्य कोण, साहाय्यक कोण? माजी सैनिकांच्या संघटना आणि स्त्रिया



मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘काळजी’ या कल्पनेविषयी बोललो. जोन ट्रॉन्टो या अमेरिकन विदुषींनी काळजीचे चार टप्पे सांगितले आहेत, ते आपण पाहिले. कुणाला तरी काही हवं आहे हे लक्षात येणं, हा पहिला. त्याची जबाबदारी अंगावर घेणं, हा दुसरा. प्रत्यक्ष हातांनी ते काम करणं, हा तिसरा. आणि ज्याच्यासाठी केलं त्याला ते पोचलं का, पुरलं का, हे त्याच्याच तोंडून ऐकणं, हा चौथा. ट्रॉन्टोबाईंचं म्हणणं असं, की पहिले दोन टप्पे समाजातले वजनदार लोक स्वतःकडे ठेवतात आणि उरलेले दोन ज्यांना वजन नाही त्यांच्या वाट्याला येतात.

यावर काही श्रोत्यांनी लिहून विचारलं, की हे घर, दवाखाना, पाळणाघर इथपर्यंत ठीक आहे. पण पुरुषांच्या मानल्या गेलेल्या संघटनांचं काय? प्रश्न चांगला आहे. म्हणून आज आम्ही मुद्दाम असं क्षेत्र घेतलं आहे, जिथे स्त्री दिसतच नाही असं आपल्याला वाटतं. माजी सैनिकांच्या संघटना. तालुक्याच्या गावी पाटी असते, आत टोप्या घातलेली, छातीवर पदकं लावलेली वडीलधारी मंडळी बसलेली असतात. बाई दिसलीच तर चहा घेऊन येताना, किंवा कागद घेऊन दाराशी उभी असलेली. दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईबद्दलच आज बोलायचं आहे.

कुठल्याही संघटनेचा पहिला तात्त्विक प्रश्न साधा असतो: सदस्य कोण? ज्याला सदस्य म्हणायचं त्याला मत असतं, पद मिळू शकतं, हिशेब मागता येतो. ज्याला सदस्य म्हणायचं नाही त्याच्याकडून काम घेता येतं आणि आभार मानता येतात. हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो अमेरिकेत, म्हणून आधी थोडं तिकडे जाऊ. मग आपल्याकडे येऊ.

पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही माजी सैनिकांची संघटना उभी राहिली. गंमत बघा. नौदलाच्या राखीव दलाच्या १९१६ च्या कायद्यात भरती होणारा पुरुषच असला पाहिजे असं लिहायचं राहून गेलं होतं. त्या फटीतून अकरा हजारांहून अधिक स्त्रिया नौदलात कारकुनी आणि इतर कामांवर रीतसर भरती झाल्या. रीतसर भरती, म्हणून रीतसर निवृत्ती, म्हणून त्या माजी सैनिक, आणि म्हणून लीजनच्या पूर्ण सदस्य. देशाच्या निवडणुकीत स्त्रियांना मत मिळालं १९२० मध्ये; या बायकांना आपल्या संघटनेत त्याच्या आधीच मत होतं.

पण त्याच युद्धात दोनशेहून अधिक तरुणी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये टेलिफोन जोडून देण्याच्या कामावर फ्रान्सला गेल्या होत्या. दोन्ही भाषा येणाऱ्या, शपथ घेतलेल्या, गणवेश घातलेल्या. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, की तुम्ही सैनिक नव्हताच, तुम्ही कंत्राटी नागरिक होता. मर्ल ईगन अँडरसन नावाची त्यांच्यातलीच एक बाई हे मान्य करायला तयार नव्हती. तिने आणि तिच्या सोबतिणींनी अर्ज-विनंत्या करत अनेक दशकं काढली. अमेरिकन संसदेने त्यांना माजी सैनिक मानलं १९७७ मध्ये. तोवर बहुतेक जणी वारल्या होत्या. काम सारखं, शपथ सारखी. फरक एका शब्दाचा, आणि त्यासाठी साठ वर्षं.

बाकीच्या स्त्रियांसाठी, म्हणजे सैनिकांच्या बायका, आया, बहिणी, मुली यांच्यासाठी, लीजनने १९१९ मध्येच वेगळी शाखा काढली: ‘ऑक्झिलरी’. मराठीत साहाय्यक. रुग्णालयात जाऊन जखमींजवळ बसणं, खसखशीची कागदी फुलं विकून निधी जमवणं, अनाथ मुलांची शिक्षणं, ही सगळी कामं या शाखेने नेटाने चालवली. म्हणजे तिसरा टप्पा त्यांचा. ठराव, धोरण, सरकारशी बोलणी, हे मुख्य संघटनेकडे. लीजनच्या राष्ट्रीय अध्यक्षपदावर पहिली स्त्री आली २०१७ मध्ये, डेनिस रोहन. स्त्रियांना पहिल्या दिवसापासून सदस्यत्व देणाऱ्या संघटनेलाही अठ्ठ्याण्णव वर्षं लागली. परदेशी लढलेल्या सैनिकांची जी दुसरी मोठी संघटना तिकडे आहे, तिने तर स्त्रियांना सदस्य करून घेतलं ते १९७८ मध्ये. तेव्हा अमेरिकेचं उदाहरण आम्ही कौतुक म्हणून सांगत नाही. तिथे दप्तर नीट ठेवलेलं आहे, त्यामुळे गोष्ट दिसते, एवढंच.

आता आपल्याकडे.

आपल्याकडचा केंद्रीय सैनिक बोर्डही मुळात १९१९ चाच, तेव्हाचं नाव वेगळं होतं. त्याखाली राज्यांची मंडळं, त्याखाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं. महाराष्ट्राचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आहे. ७ डिसेंबरला आपण शर्टाला जो ध्वजदिनाचा छोटा झेंडा लावतो, त्याचा निधी याच रस्त्याने फिरतो. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, अपंग झालेल्या जवानांना हातातलं कसब शिकवणारी. ती १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली, गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने. इथे एक धागा पकडून ठेवा: पुढाकार बाईचा, पण बाईचा अधिकार नवऱ्याच्या खुर्चीतून आलेला. हा नमुना पुढेही भेटणार आहे.

आणि हे सगळं चालतं कुणासाठी? माजी सैनिकांसाठी, हे उत्तर अर्धंच खरं. पुरुष लवकर जातो, बाई मागे राहते. देशभरात नोंद झालेल्या माजी सैनिकांच्या विधवांची संख्या लाखांत आहे. युद्धात पती गेलेल्या वीरपत्नी त्यांतला लहान भाग. बाकीच्या म्हणजे साध्या हवालदाराच्या, नायकाच्या म्हाताऱ्या बायका, ज्यांचा नवरा निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षांनी घरच्या अंथरुणावर वारला. त्यांचा सत्कार कुणी करत नाही. त्यांना फक्त पेन्शन हवी असते.

आणि ती मिळवणं म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगू दे, कारण तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

कुटुंब निवृत्तिवेतनाच्या ढोबळ तीन पायऱ्या आहेत. नैसर्गिक मृत्यू झाला तर साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. सुरुवातीची काही वर्षं जास्त दर मिळतो, ते सोडून द्या. सैनिकी सेवेमुळे मृत्यू ओढवला असेल तर ६० टक्के. युद्धात किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत गेला तर पूर्ण १०० टक्के. मृत्यू कोणत्या खणात बसतो हे कागद ठरवतो, आणि तो कागद वाचता येणं, त्यावर हरकत घेता येणं, हे एका घराच्या दोन पिढ्यांचं भवितव्य ठरवू शकतं.

आता कागदातलं नाव. जवानाचं लग्न झालं की युनिटमधून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते. त्यात बायकोचं नाव आणि जन्मतारीख चढते. आपल्याकडे काय होतं? लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरची शेवंता सासरी सुनंदा होते. समजा युनिटमध्ये शेवंता लागलं, रेशनकार्डावर सुनंदा, आधारवर सुनंदाबाई, बँकेत सु. द. काहीतरी. जन्मतारीख तर चार ठिकाणी चार. नवरा जिवंत असेपर्यंत कुणाला फिकीर नसते, कारण पेन्शन त्याच्या नावावर येते. तो गेला, की पहिल्या महिन्यातच कळतं, की सरकारच्या दप्तरात जी बाई त्याची बायको आहे ती ही नाही. मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, तलाठ्याचा दाखला. रेकॉर्ड ऑफिस मराठा रेजिमेंटचं असेल तर बेळगावला, महार रेजिमेंटचं असेल तर मध्य प्रदेशात सागरला. पेन्शनचा हुकूम निघणार प्रयागराजहून. आता ‘स्पर्श’ नावाची संगणक-प्रणाली आली आहे, दरवर्षी हयातीची नोंद करायची. ओटीपी येतो मोबाईलवर, आणि मोबाईल असतो मुलाच्या किंवा दिराच्या खिशात.

हे काम कोण निस्तरतं? आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या मेळाव्यात बसून पाहिलं आहे. व्यासपीठावर दोन तास भाषणं झाली. खाली, मांडवाच्या कडेला, पन्नाशीची एक बाई जमिनीवर बसली होती, तिच्याभोवती पंधरावीस बायका. ही स्वतः सुभेदाराची विधवा. तिने स्वतःचं प्रकरण सोडवताना तीन वर्षं जो रस्ता तुडवला, त्याचा नकाशा आता तिच्या डोक्यात होता. ‘काकू, डिस्चार्ज बुक आणलंय का? झेरॉक्स नको, मूळ दाखवा. हे बघा, इथं तुमचं माहेरचं नाव आहे, आधी हे सरळ करू.’ कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ती खुणा करून देत होती. संघटनेच्या कार्यकारिणीत ती नव्हती. विचारलं तेव्हा पदाधिकारी प्रेमानेच म्हणाले, ‘ताईंची आम्हाला फार मदत होते.’

मदत! हा शब्द आम्हाला त्या दिवसापासून टोचतो आहे. संघटनेचं जे मूळ प्रयोजन, ते पार पाडणारी बाई संघटनेला ‘मदत’ करते, आणि ठराव वाचणारे लोक संघटना ‘चालवतात’.

कुणी म्हणेल, सैन्यात स्त्रियांच्या संघटना आहेत की. आहेत. सेनेतल्या पत्नींची कल्याण संघटना, जिला सगळे ‘आवा’ म्हणतात, ती १९६६ पासून नोंदणीकृत आहे. विशेष मुलांसाठी ‘आशा’ शाळा, वसतिगृहं, शिवणापासून संगणकापर्यंतचे वर्ग, बरंच काम आहे आणि चांगलं आहे. पण तिची रचना पाहा. सेनाप्रमुखांची पत्नी ती राष्ट्रीय अध्यक्ष, आणि खालच्या पायऱ्यांवरही पतीच्या हुद्द्याप्रमाणे पत्नीचं स्थान. साहेब निवृत्त झाले की बाईंचं पदही गेलं. लेडी विलिंग्डनचाच नमुना हा. इथे अनेक कर्तबगार स्त्रियांनी मनापासून काम केलं आहे, त्याबद्दल आदरच आहे. तरीही आम्हाला हे उसनं नेतृत्व वाटतं. जवानाची बायको तिथे बोलते तेव्हा समोर नवऱ्याच्या साहेबांची बायको बसलेली असते. ती ‘सगळं छान आहे, मॅडम’ हेच म्हणणार. म्हणजे ट्रॉन्टोबाईंचा चौथा टप्पा, घेणारीने मोकळेपणाने सांगणं, तो अडतो.

१९७१ च्या युद्धानंतर मात्र काहीतरी वेगळं घडलं. साडेतीन हजारांहून अधिक जवान गेले होते, आणि बहुतेकांच्या बायका वयाने लहान होत्या. १९७२ मध्ये मोहिनी गिरी यांनी युद्धविधवांची संघटना उभी केली. मोहिनी गिरी म्हणजे तेव्हाचे राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या सूनबाई, पुढे राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांचंही वजन घराण्यातून आलेलं, हे खरं. पण सदस्यत्व कशावरून ठरणार? नवऱ्याच्या हुद्द्यावरून नाही, तर बाईच्या स्वतःच्या स्थितीवरून. शिपायाची विधवा आणि कर्नलची विधवा एका सतरंजीवर. आमच्या मते हा बदल लहान नाही. ज्यांना आधार द्यायचा, त्यांनाच आधार कसा असावा हे सांगायची जागा मिळाली.

याच युद्धातली आणखी एक स्त्री आठवते. दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे युद्धात बेपत्ता झाले. मृत नाहीत, परतही नाहीत. कोणत्याच रकान्यात न बसणारी ही अवस्था. पत्नी म्हणावं की विधवा? त्यांनी सरकारच्या दारी पाठपुरावा सोडला नाही. २००७ मध्ये अशा बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांचा गट पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आला, त्यात त्याही होत्या. त्यांच्याकडे कसलंही पद नव्हतं.

आता एक नियम सांगतो, म्हणजे ‘सदस्य कोण’ हा प्रश्न किती खोल जातो ते कळेल. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या पश्चात त्याच्या विधवेला पदकाचा मासिक भत्ता मिळतो. पूर्वी तिने पुनर्विवाह केला तर तो बंद होत असे. पण याला एक अपवाद होता: ती दिवंगत पतीच्या भावाशी लग्न करेल तर भत्ता चालू! म्हणजे नियमाच्या नजरेत ती व्यक्ती नव्हती, घराण्याची ठेव होती. ठेव घरातच राहिली तर व्याज चालू. वर्षानुवर्षं तक्रारी झाल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही दिराची अट काढून टाकली. दोन हजार सतरा, मंडळी. पुराणकाळ नव्हे. ती अट लिहिली गेली त्या टेबलाभोवती एखादी तरुण विधवा बसलेली असती, तर ती कागदावर तशी उतरली असती का?

स्वाती महाडिक यांचं नाव तुम्ही इथे घ्याल, म्हणून आधीच घेतो. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले; स्वातीताई वयाची सवलत घेऊन, प्रशिक्षण पुरं करून सप्टेंबर २०१७ मध्ये स्वतः अधिकारी झाल्या. पुढे २०२० मध्ये कनिका राणे यांनीही तोच मार्ग धरला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. फक्त तिचा उपयोग इतर बायकांना गप्प बसवण्यासाठी होऊ नये. आठवी शिकलेली, दोन लेकरं आणि शेताचा वाद अंगावर असलेली विधवा चेन्नईच्या अकादमीत जाऊ शकत नाही. तिला तिच्याच गावात मान हवा आहे.

आणि गावात काय होतं? संक्रांत येते १४ जानेवारीच्या सुमाराला. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू. वीरपत्नीला आमंत्रण नसतं. मग येते २६ जानेवारी. त्याच गावात झेंड्यासमोर तिला खुर्ची, शाल, श्रीफळ, टाळ्या. बारा दिवसांचं अंतर, तोच गाव, तीच बाई! शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव चांगला आहे. पण माजी सैनिकांची संघटना प्रत्येक गावात पोचलेली आहे, तिच्या शब्दाला वजन आहे. तिने आपल्या घरांपासून हे सुरू करायला कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही.

आता चित्र बदलणार आहे, संघटनांची इच्छा असो वा नसो. परिचारिका आणि डॉक्टर म्हणून स्त्रिया सैन्यात आधीपासून होत्या. आपल्या माधुरी कानिटकर तर लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झाल्या आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. इतर शाखांत स्त्री-अधिकारी आल्या १९९२ पासून, पण अल्पमुदतीवर. चौदा वर्षांपर्यंत नोकरी, मग पेन्शनशिवाय घरी. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, ‘ईसीएचएस’मध्ये, अशा अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांना प्रवेश मिळाला तो २०१९ मध्ये. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात कायमस्वरूपी नेमणुकीचा मार्ग खुला केला. २०२१ मध्ये लष्करी पोलिसांत स्त्री-जवानांची पहिली तुकडी दाखल झाली. या साऱ्याजणी एक दिवस निवृत्त होणार. तेव्हा त्या तालुक्याच्या कार्यालयात ‘मिसेस अमुक’ म्हणून येणार नाहीत. त्या सदस्य असतील, मतदार असतील, हिशेब मागतील.

आम्हाला एकच शंका वाटते. या नव्या सदस्यांना पद मिळेल, पण मांडवाच्या कडेला जमिनीवर बसलेल्या त्या ताईंचं काय? स्वतः गणवेश घातलेल्या स्त्रीला खुर्ची आणि गणवेशवाल्याच्या मागे राहिलेल्या स्त्रीला पुन्हा सतरंजी, असं झालं तर फक्त वरची ओळ बदलेल. म्हणून आमची सूचना अगदी कोरडी आहे: संघटनेच्या घटनेत कुटुंब-निवृत्तिवेतनधारक स्त्रीला पूर्ण सदस्यत्व द्या, मतासकट. सहयोगी, मानद, आमंत्रित असली विशेषणं नकोत. आणि पेन्शनच्या प्रकरणांची जी समिती असेल तिच्यात किमान अर्ध्या जागा ज्यांनी स्वतः ती प्रकरणं भोगली त्यांना.

प्रश्नोत्तरांत दोन गोष्टी आल्या, त्या थोडक्यात. एका श्रोत्याने विचारलं, मग वीरपत्नींचे सत्कार करूच नयेत का? करा ना. पण सत्कारानंतर माईक तिच्या हातात द्या, आणि ती पेन्शनबद्दल, दिराबद्दल, जमिनीबद्दल काही बोलली तर ‘वेळेअभावी’ म्हणून काढून घेऊ नका.

दुसरा प्रश्न एका तरुण मुलीचा होता: स्त्री-अधिकाऱ्याच्या नवऱ्याने या संघटनेत कुठे बसायचं? हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे बऱ्याच अर्जांवर अजून ‘पत्नीचे नाव’ असाच रकाना असतो. अमेरिकन लीजनने २०१९ मध्ये नियमातला ‘पत्नी’ हा शब्द बदलून ‘जोडीदार’ केला, तेव्हापासून साहाय्यक शाखेत पुरुषही सदस्य होतात. म्हणजे आता तिकडे काही नवरे कागदी फुलं विकताना दिसत असणार. त्या शाखेला ‘साहाय्यक’ म्हणणं त्यांना कसं वाटतं, हे कुणीतरी जाऊन विचारायला हवं.